कोळशावरचा कर कोणाच्या माथी?

(कार्बन कर व उत्सर्जन व्यापार या विषयावर रिसोड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रिसोड म्हणजे प्राचीन ऋषिवट, असे येथील परंपरा सांगते. या परिसरात कोळशाची खाण नाही, धूर ओकणारी मोठी चिमणी नाही, रेल्वेचा रूळसुद्धा नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातील सोयाबीन आणि तुरीचा हा तालुका. अशा ठिकाणी ‘कार्बन कर’ हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. दिल्लीत, ब्रुसेल्समध्ये किंवा मुंबईच्या पंचतारांकित परिषदांमध्ये चर्चिला जाणारा हा विषय. परंतु रिसोडमधील प्रत्येक घराने हा कर भरलेला आहे. २०१० पासून पुढची पंधरा वर्षे तो भरला गेला आणि भरणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. ज्या करावर देशात कधी जाहीर वाद झाला नाही, तो आधी समजून घ्यावा लागतो, वाद नंतर.

२०१० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणब मुखर्जी यांनी कोळशावर ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लावला. दर टनाला ५० रुपये. त्याच वर्षी १ जुलैपासून त्याची वसुली सुरू झाली. २०१४ मध्ये सत्तांतर झाले, पण उपकर गेला नाही, उलट वाढला. अरुण जेटली यांच्या पहिल्या अर्थसंकल्पात तो १०० रुपये झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये. नावही बदलून ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ झाले. सहा वर्षांत आठपट! नावात ‘कार्बन’ हा शब्द कोठेही नव्हता, तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा कार्बन करच. एक टन भारतीय कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ४०० रुपये उपकर हा कार्बनच्या दर टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आसपास पडत होता.

आता हा हिशेब घरापर्यंत आणू. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. तेव्हा कोळशाच्या एका युनिटमागे २६ ते २८ पैसे केवळ या उपकराचे. विजेवर वस्तू व सेवा कर नाही. त्यामुळे कोळशावर भरलेल्या कराची वजावट वीज केंद्राला मिळत नाही, आणि वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार कायद्यातील बदलामुळे वाढलेला खर्च दरात धरता येतो. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे महाकाय केंद्र आहे. तेथे जळलेल्या कोळशावरचा उपकर शेवटी बिलातच उतरतो. महिन्याला दोनशे युनिट कोळशाची वीज वापरणाऱ्या कुटुंबाच्या खिशातून पन्नास रुपयांच्या आसपास रक्कम जात होती. रक्कम लहान आहे, हे खरे. पण ती शिक्षकाच्या घरातूनही गेली आणि मोलमजुरी करणाऱ्या विधवेच्या घरातूनही गेली, एकाच दराने. आयकराला पायऱ्या असतात. बिलात मुरलेल्या कराला पायऱ्या नसतात.

पैसा गेला कोठे?

या उपकराच्या समर्थनार्थ एक सुंदर युक्तिवाद होता. कोळशावर कर घ्यायचा आणि त्यातून सौर, पवन अशा स्वच्छ ऊर्जेला पैसा द्यायचा. त्यासाठी ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’ स्थापन झाला. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात काय झाले? २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकरातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी निधीकडे वळते झाले ते सुमारे २९,६४५ कोटी. आणि प्रकल्पांवर प्रत्यक्ष खर्च झाले ते सुमारे १५,९११ कोटी. म्हणजे रुपयातील साडेअठरा पैसेच त्या कामी आले, ज्याच्या नावाने रुपया घेतला होता. हा आकडा कोणा विरोधकाचा नव्हे, शासनाच्याच हिशेबातील आहे. या काळात दोन भिन्न विचारांची सरकारे दिल्लीत होती. दोघांनीही तेच केले. त्यामुळे पक्षीय चष्म्यातून याकडे पाहण्यात अर्थ नाही. कोषागाराला पैशाचा रंग दिसत नाही, हा प्रशासनाचा जुना स्वभाव आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा पर्यावरण उपकर रद्द झाला. पण ४०० रुपये गेले नाहीत. त्याच दराचा ‘भरपाई उपकर’ कोळशावर बसला. या पैशाचा पर्यावरणाशी असलेला नाममात्र संबंधही त्या दिवशी तुटला. राज्यांची महसुली तूट भरून काढणे हा त्याचा उद्देश झाला. पुढे करोनाच्या संकटात राज्यांना भरपाई देण्यासाठी केंद्राने २०२०-२१ मध्ये १.१० लाख कोटी आणि २०२१-२२ मध्ये १.५९ लाख कोटी रुपये कर्ज काढले, आणि त्या कर्जाची फेड याच उपकरातून होत राहिली. संकटकाळी राज्ये जगली पाहिजेत, यात दुमत नाही. पण स्वच्छ हवेच्या नावाने सुरू झालेला कर कर्जफेडीचे साधन बनला आणि देशात त्यावर एकही गंभीर सार्वजनिक चर्चा झाली नाही, ही गोष्ट लोकशाहीला शोभणारी नव्हे.

त्यानंतरचे वळण तर अधिक विचार करण्याजोगे आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेची ५६ वी बैठक झाली. कोळशावरचा भरपाई उपकर काढून टाकण्यात आला आणि कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. वरवर पाहता कर वाढला असे वाटते. गणित मात्र वेगळे आहे. समजा कोळसा टनाला १,५०० रुपयांचा आहे. पूर्वी ५ टक्के म्हणजे ७५ आणि उपकर ४००, एकूण ४७५ रुपये. आता १८ टक्के म्हणजे २७०. कर २०५ रुपयांनी घटला. उलट ७,००० रुपये टनाचा आयात कोळसा घेतला, तर पूर्वी ७५० रुपये होते, आता १,२६० झाले. साधारण ३,०८० रुपयांच्या खालचा कोळसा स्वस्त झाला आणि त्यावरचा महाग झाला.

स्वदेशीच्या दृष्टीने यात आनंद मानण्यासारखे आहे. देशी कोळशाला संरक्षण मिळाले, आयातीवरचा भार वाढला, सामान्य ग्राहकाच्या विजेचा खर्च थोडा उतरण्यास जागा झाली. पण तत्त्वाचा भाग सोडून चालणार नाही. वजनावरचा कर किमतीवर आला. जो कोळसा हलका, राखेने भरलेला आणि म्हणून स्वस्त, त्यावर कर कमी. जो उत्तम जळतो आणि म्हणून महाग, त्यावर कर जास्त. याला कार्बन कर म्हणता येणार नाही. शिवाय पोलाद आणि सिमेंटचे कारखाने वस्तू व सेवा कराची वजावट घेऊ शकतात. भरपाई उपकराची वजावट त्यांना या करापोटी घेता येत नव्हती. त्यामुळे मोठ्या उद्योगांसाठी कोळशावरचा कर आता जवळजवळ उरलाच नाही. उरला तो फक्त विजेवर, म्हणजे पुन्हा ग्राहकावर. धोरणकर्त्यांच्या मनात हेच होते का, हे सांगता येत नाही. परिणाम मात्र हा आहे.

ज्यांनी धूर केला, त्यांचा न्याय

कार्बन कराचे नाव काढताच राष्ट्रीय वृत्तीच्या माणसाच्या मनात पहिली प्रतिक्रिया उमटते ती रागाची. आणि तो राग निराधार नाही. दोनशे वर्षे युरोप-अमेरिकेने कोळसा जाळला, त्यावर साम्राज्ये उभी केली, वसाहती लुटल्या आणि आता पृथ्वी तापल्यावर भारतातील शेतकऱ्याच्या पंपाकडे बोट दाखवायचे, हा कोठला न्याय? भारतात दरडोई वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा सतरा टक्क्यांहून अधिक आहे, पण आजवर वातावरणात साचलेल्या कार्बनमध्ये तो जेमतेम तीन-चार टक्के. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी हा विषमतेचा मुद्दा जगापुढे ठामपणे मांडला. एका देशाच्या धुराची तुलना दुसऱ्या देशाच्या धुराशी न करता माणसाची तुलना माणसाशी करा, हा त्यांचा आग्रह होता. १९९२ च्या रिओ परिषदेत ‘समान पण भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झाले, त्यामागे भारतासारख्या देशांची हीच भूमिका होती.

हे सगळे खरे असूनही एक गोष्ट तितकीच खरी आहे. एकूण उत्सर्जनात भारत आज जगात तिसऱ्या क्रमांकावर आहे. आणि आकाशातून पाऊस पडताना तो दोष कोणाचा हे विचारून पडत नाही. मृगाचा पाऊस वेळेवर येऊन पंचवीस दिवस दडी मारतो, सोयाबीनच्या शेंगा भरल्यावर नेमकी झोड उठते, हा अनुभव वाशीम जिल्ह्याला नवा नाही. जागतिक तापमानवाढीने अशी टोकाची हवा वाढते, असे शास्त्र सांगते. तेव्हा ‘आमचा वाटा कमी’ हे उत्तर वाटाघाटीच्या टेबलावर योग्य असले, तरी शेताच्या बांधावर पुरत नाही.

पाश्चात्त्यांनी बाजारातून शोधलेल्या उपायाचा एक अनुभव भारताने घेतलेला आहे. १९९७ च्या क्योटो करारातून ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ आली. श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करण्याऐवजी गरीब देशांतील प्रकल्पांकडून कार्बन क्रेडिट विकत घ्यावे, अशी ती व्यवस्था. भारतात शेकडो प्रकल्प नोंदले गेले. संख्येत चीननंतर भारताचाच क्रमांक. महाराष्ट्रातील पवनचक्क्या, साखर कारखान्यांतील बगॅसवरची वीज, अशा चांगल्या कामांना त्यातून काही पैसा मिळाला, हे नाकारता येत नाही. पण सर्वांत मोठी कमाई कोणाची झाली? शीतकरणासाठी लागणारा वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपवायू निघतो. त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांइतका धरला जाई. तो जाळून टाकायला खर्च अगदी थोडा, आणि क्रेडिट मात्र हजारोंनी. भारत आणि चीनमधील मोजक्या रासायनिक कारखान्यांना हे घबाड मिळाले. जाळण्याचे पैसे इतके मिळू लागले की तो वायू मुद्दाम जास्त निर्माण होत असल्याची शंका घेतली गेली. अखेर युरोपने २०१३ पासून असे क्रेडिट घेणे बंद केले. तोवर बाजारही कोसळला होता. २०१२ च्या अखेरीस एका क्रेडिटचा भाव एक युरोच्याही खाली गेला होता.

या प्रकरणाचा शेवट मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये किगाली येथील वाटाघाटींच्या वेळी भारत सरकारने देशातील कारखान्यांना आदेश दिला की हा वायू स्वखर्चाने जाळा. ना क्रेडिट, ना अनुदान. जे काम करण्यासाठी परकी बाजार कोट्यवधी मोजत होता, ते एका साध्या सरकारी आदेशाने झाले. बाजार हा उपाय असतो, पण प्रत्येक रोगावर नव्हे.

सीमेवरचा जकातनाका

आता मुख्य पेचाकडे वळू. युरोपीय संघाने २००५ मध्ये आपल्या उद्योगांसाठी उत्सर्जन व्यापार सुरू केला. प्रत्येक टन कार्बनसाठी परवाना लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये या परवान्याचा भाव टनाला शंभर युरोच्या वर गेला होता. मग युरोपीय कारखानदारांची तक्रार सुरू झाली की आम्ही पैसे मोजतो आणि भारत-चीनचे पोलाद फुकट धूर करून आमच्या बाजारात येते. त्यावर युरोपने सीमेवरच कार्बनची जकात बसवली. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागवली जात होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या सहा गोष्टींवर. पहिल्या वर्षी भार अगदी हलका आहे, अडीच टक्के. पण तो वाढत जाऊन २०३४ मध्ये पूर्ण होईल. कोळशाच्या भट्टीतून एक टन भारतीय पोलाद काढताना साधारण अडीच टन कार्बन निघतो. पुढे काय होऊ शकते, याचा अंदाज यावरून करता येतो.

भारताने या जकातीला विरोध केला आहे आणि तो रास्तच आहे. समान पण भिन्न जबाबदारीचे तत्त्व ज्यांनी मान्य केले, त्यांनीच ते मागच्या दाराने मोडले. पण या जकातीच्या नियमात एक कलम आहे, तेथे खरी मेख आहे. ज्या देशात माल तयार झाला, त्या देशात त्यावर कार्बनची किंमत आधीच भरलेली असेल, तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे प्रश्न असा उरतो : भारतीय पोलादाच्या धुराची किंमत ब्रुसेल्सच्या तिजोरीत जावी, की दिल्लीच्या?

हा प्रश्न असा मांडला की स्वाभिमानाचा कल बदलतो. परकीय दडपणाखाली कार्बन कर लावू नये, असे म्हणणारा माणूस देशभक्त असतो. आणि आपल्या मालावरचा कर परकीयाने वसूल करू नये, तो आपण घ्यावा आणि आपल्या माणसांसाठी वापरावा, असे म्हणणाराही देशभक्तच असतो. दोघांनी एकमेकांवर शंका घेण्याचे कारण नाही. हिशेब मात्र दोघांनीही करावा. वस्तुतः दुसऱ्याचे पारडे जड आहे, एका अटीवर. पैसा खरोखर आपल्या माणसांपर्यंत गेला पाहिजे. रुपयातील साडेअठरा पैशांची गोष्ट वर आलीच आहे.

भारताने निवडलेली वाट

भारताने कर न लावता व्यापाराचा मार्ग घेतला, आणि तोही युरोपची नक्कल न करता. त्याची पूर्वपीठिका २०१२ ची आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने आठ उद्योगक्षेत्रांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जा बचतीचे लक्ष्य दिले. लक्ष्याहून अधिक बचत केली तर प्रमाणपत्र, कमी पडली तर ते विकत घ्यायचे. पहिल्या तीन वर्षांत लक्ष्यापेक्षा जास्त बचत झाली. इतकी प्रमाणपत्रे झाली की घेणारे कमी पडले, आणि २०१७-१८ मधील व्यवहार सारा मिळून शंभर कोटींच्या आसपासच राहिला. लक्ष्य सोपे ठेवले की बाजार मरतो, हा त्यातला धडा.

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि कार्बन बाजाराला कायद्याचा आधार मिळाला. २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतील २८२ कारखान्यांची लक्ष्ये जाहीर झाली. विदर्भाच्या दृष्टीने हे दूरचे नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंटचा पट्टा आणि बल्लारपूरचा कागद उद्योग याच क्षेत्रांतले.

या योजनेचे वैशिष्ट्य असे की एकूण धुरावर मर्यादा नाही; मालाच्या प्रत्येक टनामागे किती धूर, यावर आहे. सिमेंटच्या कारखान्याने उत्पादन दुप्पट केले तरी चालेल, पण दर टनामागचा कार्बन २०२३-२४ च्या पातळीवरून उतरला पाहिजे. लक्ष्याच्या खाली आला तर टनामागे एक प्रमाणपत्र मिळेल, वर राहिला तर विकत घ्यावे लागेल. तेही केले नाही तर प्रमाणपत्राच्या सरासरी भावाच्या दुप्पट दंड. पाश्चात्त्य पर्यावरणवादी यावर नाक मुरडतात. एकूण उत्सर्जन वाढणारच, असे म्हणतात. ते खोटे नाही. पण ज्या देशात अजून कोट्यवधी पक्की घरे, रस्ते, पूल बांधायचे आहेत, त्या देशाने सिमेंटवर टाच आणणे म्हणजे गरिबाच्या छपरावर टाच आणणे. वाढणाऱ्या देशासाठी हीच वाट सयुक्तिक आहे.

या व्यवस्थेबाहेर एक मोठा घटक आज आहे : वीज. औष्णिक केंद्रांना यात घेतलेले नाही. ती कधीतरी येतील. त्या दिवशी हा विषय पुन्हा रिसोडच्या वीजबिलात येईल. त्याआधी देशाने एक गोष्ट ठरवायला हवी, की त्यातून येणारा पैसा थेट गरीब कुटुंबांना परत द्यायचा की नाही.

हे ठरवले नाही तर काय होते, याची उदाहरणे समोर आहेत. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर लावला आणि त्याच वेळी इतर कर उतरवले, तो टिकला. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये कार्बनवर किंमत बसवली, दोन वर्षांत सरकार बदलले आणि ती रद्द झाली. फ्रान्समध्ये २०१८ साली डिझेलवरच्या वाढीव हरित करातून पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले. ज्यांना कामावर जायला गाडीशिवाय पर्याय नव्हता, ते गावाकडचे लोक रस्त्यावर आले. कॅनडाने तर कराचा बहुतांश पैसा कुटुंबांना परत दिला, तरी लोकांचा विश्वास बसला नाही आणि एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा तो कर शून्य केला गेला. पैसा परत मिळाला हे बँकेत दिसते, कर गेला हे पंपावर दिसते. आणि माणूस पंपावर अधिक वेळा जातो.

डिझेलचा विषय निघालाच आहे तर हेही ध्यानात घ्यावे. भारतात कार्बन कराचे नाव न घेता इंधनावर जबर कर आहेच. मे २०२० मध्ये डिझेलवरचे केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरला ३१.८३ रुपयांपर्यंत गेले होते. २०२१ आणि २०२२ मध्ये ते उतरवून १५.८० वर आणावे लागले. त्यावर राज्याचा कर वेगळा. ट्रॅक्टरच्या टाकीवर आणखी हरित कर बसवावा, असे जे अर्थतज्ज्ञ सुचवतात, त्यांनी नांगरटीच्या दिवसांत एकदा या भागात यावे. कारखानदार कर पुढे ढकलतो; मालाच्या किमतीत घालतो. शेतकरी तो कोणाकडे ढकलणार? त्याच्या मालाची किंमत तो ठरवत नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि त्याच हंगामात त्याखालच्या भावाने पोती विकावी लागल्याचे शल्य या सभागृहातील अनेकांना असेल. म्हणून कारखान्यांच्या चिमण्यांवर कार्बनची किंमत जरूर बसावी, पण शेतीच्या डिझेलवर आणि खतावर नको. खत उद्योग या योजनेच्या मूळ यादीत आहे; पहिल्या चार क्षेत्रांत तो नव्हता. त्याची पाळी येईल तेव्हा शेतकरी संघटनांनी जागे असले पाहिजे.

वऱ्हाडाला करावरच्या वादाची परंपरा आहे. १९३० मध्ये देश मिठाचा सत्याग्रह करत होता आणि वऱ्हाडला समुद्र नव्हता. तेव्हा अकोला जिल्ह्यातील दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले गेले. पुढे जुलैत पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. गवत आणि मीठ या निसर्गाच्या गोष्टी, त्यांवर कर कोणाच्या हक्काने, हा तेव्हाचा सवाल होता. तो परक्या सत्तेला विचारलेला होता. आज राज्य आपले आहे, म्हणून कायदा मोडण्याची गरज नाही. हिशेब मागण्याची गरज मात्र संपलेली नाही.

शेवटी शेतकऱ्याला या बाजारातून काही मिळेल का, याविषयी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. बांधावर झाडे, कमी नांगरट, सेंद्रिय कर्ब वाढवणारी शेती, यांतून क्रेडिट मिळावे असा विचार आहे. विचार स्तुत्य आहे. तथापि गणित घालून पाहावे. एका एकरात वर्षाला अर्धा टन कार्बन साठला असे धरू आणि टनाला हजार रुपये भाव मिळाला असे धरू. पाचशे रुपये होतात. त्यातून मोजणीचा, तपासणीचा आणि मध्यस्थाचा खर्च वजा जातो. पाच एकराचा शेतकरी एकटा या बाजारात उभा राहूच शकत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने हजार-दोन हजार एकर एकत्र केले तर मोजणीचा खर्च वाटला जाईल. वीस-तीस वर्षांच्या करारावर अंगठा उमटवण्याआधी तो करार गावातील वकिलाकडून वाचून घ्यावा. जमीन विकायची झाली, झाड वठले, पीक बदलावे लागले तर जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहिलेले असते. मोबाइलवर गोड बोलून सातबारा मागणाऱ्यांची संख्या येत्या काळात वाढेल.

चंद्रपूरला खाणी आहेत, म्हणून २०१५ च्या कायद्यानंतर तेथे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आणि खाणपट्ट्यासाठी पैसा राखून ठेवला जाऊ लागला. वाशीमला खाण नाही. त्यामुळे कोळशातून येणाऱ्या अशा निधीत त्याचा वाटा नाही. पण त्या कोळशाने बिघडलेल्या पावसात त्याचा वाटा आहे. कार्बन बाजारातून उद्या जो पैसा सरकारकडे येईल, त्यातला काही भाग अशा कोरडवाहू जिल्ह्यांच्या जलसंधारणासाठी, सौर पंपांसाठी आणि पीक विम्यासाठी राखून ठेवावा, ही मागणी रिसोडच्या ग्रामसभांनी ठराव करून खासदारांकडे पाठवण्यासारखी आहे. पहिले लक्ष्यवर्ष २०२५-२६ हेच आहे. म्हणजे नियम अजून ओले आहेत.